अंडाशयाचा कर्करोग आणि रक्तातले दाहदर्शक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निदान होतं, ऑपरेशनची तारीख ठरते, आणि मधल्या चार दिवसांत घरातलं कुणीतरी रिपोर्टची फाइल उघडून बसतं. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचे आकडे असतात. इंटरनेटवर कुठेतरी वाचायला मिळतं की यांचा भागाकार केला की पेशंट किती काळ जगेल याचा अंदाज येतो. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार होतो आणि झोप उडते. त्या रात्री मनात येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माहितीसाठी आहेत. तुमच्या आजाराबद्दलचा निर्णय तुमचा संपूर्ण कागद समोर असलेले डॉक्टरच देऊ शकतात.

दाहदर्शक म्हणजे नेमकं काय?

शरीरात कुठे इजा झाली, जंतू शिरले किंवा काही परकं वाटलं की रोगप्रतिकारक यंत्रणा जागी होते. यालाच दाह म्हणतात. बोलताना आपण ‘सूज’ म्हणतो, पण दाह दर वेळी डोळ्यांना दिसतोच असं नाही. रक्तात मात्र त्याच्या खुणा उमटतात. काही पेशी वाढतात, काही घटतात, यकृत काही प्रथिनं जास्त बनवतं आणि काही कमी. या खुणा मोजता येतात, म्हणून त्यांना दाहदर्शक म्हणायचं.

अंडाशयाच्या कर्करोगात ज्यांचा सर्वांत जास्त अभ्यास झाला ते असे: न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर, म्हणजे एनएलआर, प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर, म्हणजे पीएलआर, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट (आणखी एक पांढरी पेशी) यांचं गुणोत्तर, म्हणजे एलएमआर, प्लेटलेट, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट तिन्ही एकत्र घेणारा एसआयआय, आणि पेशी नसलेली, रक्तातली प्रथिनं, म्हणजे सीआरपी, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, इंटरल्यूकिन-६.

हे आकडे काढायला वेगळी तपासणी लागते का?

पहिल्या चारांसाठी नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेल्या साध्या सीबीसीच्या रक्तातूनच ते निघतात. संशोधकांना त्यांचं एवढं आकर्षण वाटलं त्याचं मोठं कारण हेच. प्रत्येक पेशंटची सीबीसी होतेच, जुन्या फाइलींत ती सापडतेच, आणि वेगळा खर्च शून्य.

समजा पांढऱ्या पेशी ८,००० आहेत. त्यात न्यूट्रोफिल ७० टक्के, लिम्फोसाइट २० टक्के, मोनोसाइट ८ टक्के, आणि प्लेटलेट ४ लाख. एनएलआर झाला ७० भागिले २०, म्हणजे ३.५. इथे टक्केवारी घेतली काय किंवा प्रत्यक्ष संख्या घेतली काय, उत्तर तेच येतं. एलएमआर २० भागिले ८, म्हणजे २.५. पीएलआरला मात्र टक्के चालत नाहीत, लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या लागते. ८,००० चे २० टक्के म्हणजे १,६००, आणि ४ लाख भागिले १,६०० म्हणजे २५०. एसआयआयसाठी प्लेटलेटला एनएलआरने गुणायचं. कुणी प्लेटलेट हजारांत लिहितं, तर उत्तर १,४०० येतं. कुणी पूर्ण संख्या लिहितं, तर तेच १४ लाख होतं. एकक न पाहता दोन लेखांतले आकडे शेजारी ठेवून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. अल्ब्युमिनचंही तसंच, एका रिपोर्टमधला ३.५ आणि दुसऱ्यामधला ३५ एकच असतो. सीआरपी कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर असतो, कुठे प्रति डेसिलिटर, आणि त्यात थेट दहापटीचा फरक पडतो.

पेशी मोजण्यात चूक होऊ शकते?

हो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. काचेच्या पट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं की न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार तुकड्यांत वळलेलं दिसतं आणि लिम्फोसाइटचं केंद्रक गोल, गडद, जवळजवळ सगळी पेशी व्यापणारं. ओळखायला दोन्ही सोपे. पण हाताने मोजताना सहसा शंभर पेशी मोजतात. शंभरांत २० लिम्फोसाइट आले, तर निव्वळ योगायोगाच्या गणिताने खरा आकडा साधारण १२ ते ३० यांत कुठेही असू शकतो. म्हणजे त्याच रक्ताचा एनएलआर एकदा अडीच आणि एकदा पाचच्या वर येऊ शकतो, शरीरात काहीही न बदलता. आजची यंत्रं हजारो पेशी मोजतात, त्यामुळे ही चूक बरीच आटोक्यात येते.

दुसरी गोष्ट प्लेटलेटची. काही जणांचं रक्त नळीतल्या ईडीटीए रसायनाने गुठळून प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्यांना कमी मोजतं. शंका आली की लॅबवाले पट्टी पाहतात किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतात. रक्त बराच वेळ पडून राहिलं तरी पेशींची मोजणी बिघडते.

पण कर्करोगाचा आणि दाहाचा संबंध काय?

संबंध जुना आहे. १८६३ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी गाठींच्या आत पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि कर्करोग दीर्घ दाहाच्या जागी उपजत असावा असा विचार मांडला. अंडाशयाच्या बाबतीत तर हा विचार फारच जवळचा वाटतो. दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि भरून येतो, म्हणजे एक छोटी जखमच. गर्भारपण, स्तनपान, गर्भनिरोधक गोळ्या यांनी बीज बाहेर पडण्याच्या वेळा कमी होतात आणि या कर्करोगाचा धोकाही कमी होतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) या दाहाच्या आजाराचं क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड या प्रकारांशी नातं आहे. सर्वांत जास्त आढळणारा हाय-ग्रेड सीरस प्रकार मात्र बहुतेकदा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, असं आता मानलं जातं. ते टोकही त्याच जखमेच्या शेजारी असतं.

गाठ तयार झाल्यावर ती स्वतः रसायनं सोडते. त्यातलं मुख्य इंटरल्यूकिन-६. ते रक्तातून यकृताकडे जातं, यकृत सीआरपी बनवायला लागतं, अल्ब्युमिन कमी करतं आणि थ्रोम्बोपोइटिन वाढवतं. थ्रोम्बोपोइटिन अस्थिमज्जेला प्लेटलेट बनवायला सांगतं. ही साखळी २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्पष्टपणे मांडली गेली. त्या अभ्यासात अंडाशयाच्या कर्करोगाच्या ६१९ रुग्णांपैकी ३१ टक्के जणींच्या प्लेटलेट निदानाच्या वेळी साडेचार लाखांच्या वर होत्या, आणि त्या जणींचं आयुष्यमान बाकीच्यांपेक्षा कमी निघालं. म्हणजे प्लेटलेटचा आकडा केवळ साक्षीदार नव्हता. त्यामागे गाठ, यकृत आणि मज्जा यांच्यातला संवाद होता.

प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल गाठीला मदतही करतात. रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशीभोवती प्लेटलेट चिकटल्या की कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशींना ती पेशी सापडत नाही. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. जंतूंना अडकवण्यासाठीचं हे जाळं पोटातल्या चरबीच्या पडद्यावर, म्हणजे ओमेंटमवर, कर्करोगाच्या पेशींनाही रुजायला जागा देतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

मग लिम्फोसाइट चांगले, न्यूट्रोफिल वाईट असं समजायचं का?

इतकं सरळ नाही, पण एनएलआरमागची कल्पना साधारण तीच. लिम्फोसाइटमधल्या टी-पेशी कर्करोगाशी थेट लढतात. २००३ साली बऱ्याच पुढे गेलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या १८६ नमुन्यांचा अभ्यास झाला. ज्यांच्या गाठीच्या आत टी-पेशी शिरलेल्या होत्या त्यांच्यात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ३८ टक्के होतं, ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या त्यांच्यात ४.५ टक्के. फरक डोळे विस्फारणारा आहे. मात्र त्या गाठीच्या आतल्या टी-पेशी होत्या. दंडातून काढलेल्या रक्तातला लिम्फोसाइटचा आकडा ही त्या लढाईची दूरवरून ऐकू येणारी चाहूल आहे. न्यूट्रोफिलशिवाय तर माणूस चार दिवस संसर्गापुढे टिकणार नाही, केमोमध्ये ते घटले की धावपळ होते ते उगाच नाही.

एनएलआर जास्त असेल तर आयुष्य कमी, असं सिद्ध झालं आहे का?

अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत एकच दिशा दिसते. उपचाराआधी एनएलआर आणि पीएलआर जास्त असलेल्या स्त्रियांच्या गटात सरासरी आयुष्यमान कमी, एलएमआर जास्त असलेल्या गटात बरं. ही दिशा खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र ‘गटात’ आणि ‘सरासरी’ हे दोन शब्द जपून वाचायचे. समजा जास्त एनएलआर असलेल्या शंभर जणींपैकी पाच वर्षांनी ३५ जणी हयात आहेत आणि कमी एनएलआर असलेल्या शंभरांपैकी ४५. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा ठळक फरक आहे. पण पहिल्या गटातल्या त्या ३५ जणींना विचारा. आणि दुसऱ्या गटातल्या ५५ जणींच्या घरी विचारा, की चांगल्या आकड्याने काय दिलं. दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात. एका स्त्रीचा आकडा पाहून ती कुठल्या बाजूला जाईल हे सांगता येत नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. लेखात ‘हॅझर्ड रेशो १.४’ लिहिलेलं असतं आणि लोक वाचतात, आयुष्य ४० टक्के कमी. तसं नाही. त्याचा अर्थ इतकाच की पाठपुराव्याच्या कुठल्याही टप्प्यावर त्या गटातला मृत्यूचा धोका तुलनेच्या गटाच्या १.४ पट होता. मूळ धोका किती आहे ते कळल्याशिवाय या आकड्याचं वर्षांत किंवा महिन्यांत भाषांतर करता येत नाही.

कितीच्या वर आकडा गेला की धोका समजायचा?

सगळ्यांना लागू पडेल अशी रेष नाही. निरोगी प्रौढांत एनएलआर साधारण १ ते ३ यांत असतो. अंडाशयाच्या कर्करोगावरच्या अभ्यासांत मात्र रेष कुणी दोनच्या जवळपास ओढली, कुणी तीनवर, कुणी पाचच्या आसपास. पीएलआर आणि एसआयआयच्या रेषांत तर याहून जास्त तफावत आहे.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक अभ्यास जुन्या फाइली उघडून केलेले असतात. संशोधक सगळे आकडे मांडतात आणि अशी रेष शोधतात जिच्या दोन बाजूंना आयुष्यमानातला फरक सर्वांत मोठा दिसेल. मग त्याच रुग्णांवर ती रेष लावून सांगतात की फरक मोठा आहे. हे म्हणजे भिंतीवर आधी बाण मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचं. दुसऱ्या हॉस्पिटलच्या रुग्णांवर तीच रेष लावली की फरक बऱ्याचदा आक्रसतो. ज्या अभ्यासांत काहीच सापडलं नाही ते छापून येण्याची शक्यताही कमी असते, त्यामुळे एकत्रित विश्लेषणाचं पारडं आधीच एका बाजूला झुकलेलं असतं. ट्यूमर मार्करच्या अभ्यासांत काय काय लिहिलंच पाहिजे याची ‘रिमार्क’ नावाची नियमावली २००५ पासून उपलब्ध आहे. ती कसोशीने पाळली गेली असती तर आजचा गोंधळ निम्मा असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय २.९ आणि ३.१ यांच्यात शरीराच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. रेष कागदावर असते. रक्तात ती नसते.

माझा एनएलआर ६ आला आहे. कर्करोग पसरला म्हणून का?

तसं असू शकतं, आणि तसं अजिबात नसूही शकतं. लघवीचा संसर्ग, छातीत कफ, दाताचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, तीव्र वेदना, मनावरचा मोठा ताण, यांतल्या कशानेही न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. धूम्रपान, मधुमेह, हृदयविकार, संधिवात यांतही आकडा वर राहतो. लठ्ठपणात सीआरपी थोडा वाढलेला असतो. लोहाची कमतरता असेल तर प्लेटलेट वाढतात, आणि या आजारात लोहाची कमतरता काही दुर्मीळ नाही. उलटही होतं. आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांचे न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात, त्यांना दुसऱ्या खंडातली रेष लावणं चुकीचं. यकृत थकलेलं असेल तर दाह असूनही सीआरपी हवा तितका चढत नाही.

म्हणून वाढलेला आकडा दिसला की पहिला प्रश्न असा हवा: ताप आहे का, कुठे संसर्ग आहे का, कोणती औषधं चालू आहेत? यांतली बरीच कारणं बरी करता येतात.

केमोच्या दिवशी आकडा अचानक का चढतो?

याचं सर्वांत नेहमीचं कारण डेक्सामेथासोन. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध देण्याआधी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया टाळण्यासाठी हे स्टेरॉइड देतात, काही पद्धतींत आदल्या रात्री आणि पहाटे गोळ्या घ्यायला सांगतात. स्टेरॉइड पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाहेर सरकतात. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, भागाकार काही तासांत दुप्पट-तिप्पट. गाठीत तसूभरही बदल झालेला नसतो. सकाळी सहा वाजता गोळ्या, नऊ वाजता रक्त, दुपारी रिपोर्ट, अशा दिवशीच्या एनएलआरवरून काहीही ठरवू नये.

न्यूट्रोफिल वाढवण्यासाठी दिलेलं फिल्ग्रास्टिम किंवा पेगफिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन याहून मोठी उसळी देतं. याउलट केमोनंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी न्यूट्रोफिल तळाला गेलेले असतात, तेव्हा एनएलआर कमी येतो आणि लोक खूश होतात. ती खुशीही खोटीच.

ऑपरेशननंतर हे आकडे पाहावेत का?

लगेच तरी नाही. ऑपरेशनने सीआरपी चढतोच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर असतो आणि मग उतरायला लागतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तास आहे, म्हणजे कारण संपलं की तो भराभर खाली येतो. तो उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढला, तर सर्जन कुठे पू झालाय का, आतड्याचा टाका गळतोय का ते शोधतात. त्या दिवसांत सीआरपीचा खरा उपयोग हाच.

मोठ्या ऑपरेशनमध्ये कधी कधी प्लीहाही काढावी लागते. प्लीहा गेली की प्लेटलेट वाढतात आणि बरेच दिवस वाढलेल्या राहतात. अशा पेशंटचा पीएलआर आणि एसआयआय आधीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सीए-१२५ हाही दाहदर्शकच ना?

नाही. सीए-१२५ हा एमयूसी१६ नावाच्या मोठ्या प्रथिनाचा भाग आहे. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी ओसी-१२५ ही अँटिबॉडी तयार केली, तिच्यावरून त्याचं नाव पडलं. तो कर्करोगाच्या पेशी सोडतात, पण पोटाच्या आतल्या अस्तराला कुठल्याही कारणाने त्रास झाला तरी वाढतो. मासिक पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा क्षयरोग, यकृताचे आजार, सगळ्यांत. त्यामुळे दाहाशी त्याचा संबंध येतो, पण त्याचं काम वेगळं. उपचार लागू पडतोय का हे पाहायला सीए-१२५ आजही सर्वांत कामाचा. केमोच्या पहिल्या शंभर दिवसांत तो किती वेगाने उतरतो यावरून ‘केलिम’ नावाचा अंक काढतात, आणि माझ्या मते एनएलआरपेक्षा त्यात जास्त अर्थ आहे, कारण तो प्रत्यक्ष उपचाराला मिळालेला प्रतिसाद मोजतो.

ग्लासगो स्कोअर म्हणजे काय?

सीआरपी आणि अल्ब्युमिन यांवरून काढलेले गुण. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी ही पद्धत आणली. तिच्या सुधारित रूपात सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असेल तर शून्य. त्याहून जास्त असेल तर एक. सीआरपी जास्त आणि शिवाय अल्ब्युमिन ३५ ग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर दोन. अनेक प्रकारच्या कर्करोगांत गुण वाढले की आयुष्यमान कमी दिसतं. या पद्धतीची एक गोष्ट मला आवडते. रेषा आधीच ठरलेल्या आहेत, प्रत्येकाने आपल्या सोयीने सरकवलेल्या नाहीत.

सीआरपीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी त्याची अभिक्रिया होत होती, म्हणून नावात सी.

पोटात पाणी झालं असेल तर हे आकडे जास्त वाईट येतात का?

बहुतेकदा हो. त्या पाण्यात इंटरल्यूकिन-६ भरपूर असतं, आणि पाणी काढताना त्यासोबत प्रथिनंही जातात, त्यामुळे अल्ब्युमिन आणखी उतरतं. इथेच या दर्शकांचा मूळ पेच दिसतो. आजार जास्त पसरला की पाणी होतं, पाणी झालं की आकडे बिघडतात, आणि आयुष्यही आजार पसरल्यामुळेच कमी होतं. मग आकड्याने नवं काय सांगितलं? स्टेज, ऑपरेशननंतर उरलेली गाठ, वय, सगळं हिशेबात धरल्यावरही आकडा काही जास्तीचं सांगतो का, हा खरा प्रश्न. काही अभ्यासांत उत्तर हो आहे, काहींत नाही.

रक्तातल्या या आकड्यांवरून कर्करोग लवकर पकडता येईल का?

नाही. सीए-१२५ आणि सोनोग्राफी वापरूनसुद्धा ते जमलेलं नाही. ब्रिटनमधल्या यूकेसीटीओसीएस चाचणीत २,०२,६३८ स्त्रिया होत्या. २०२१ साली आलेल्या दीर्घकालीन निकालात अशा तपासणीने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. साध्या सर्दीतही हलणारा एनएलआर तिथे काय करणार?

मग आयुष्यमानाचा अंदाज घ्यायला जास्त भरवशाचं काय आहे?

स्टेज सर्वांत आधी. अमेरिकेच्या सीर या कर्करोग नोंदणीत आजार अंडाशयापुरता असताना सापडलेल्या स्त्रियांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, दूर पसरलेल्या आजारात ते ३० टक्क्यांच्या आसपास येतं. कुठलंही गुणोत्तर एवढा फरक दाखवत नाही. त्यानंतर ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसणारी सगळी गाठ निघाली का. मग पेशींचा प्रकार, केमोतल्या प्लॅटिनमच्या औषधाला मिळालेला प्रतिसाद, वय आणि एकूण प्रकृती, आणि बीआरसीए जनुकांची स्थिती, म्हणजे त्यांत बदल आहे की नाही.

बीआरसीएचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. तो पुढचा अंदाज तर देतोच, शिवाय औषध निवडायला मदत करतो. २०१८ साली सोलो-१ चाचणीने दाखवलं की बीआरसीएत बदल असलेल्या रुग्णांत पहिल्या उपचारानंतर ओलापॅरिब ही गोळी दिल्याने आजार परतणं बऱ्याच काळासाठी लांबतं. एनएलआर असं काही सांगत नाही. तो जास्त आला म्हणून अमुक गोळी द्या, असं आज म्हणता येत नाही.

म्हणजे या आकड्यावरून डॉक्टर उपचार बदलत नाहीत?

एनएलआर, पीएलआर किंवा एसआयआय एकट्याने पाहून नाही. केमो कोणती, ऑपरेशन आधी की केमो आधी, हे ते ठरवत नाहीत. पण सीबीसी, सीआरपी, अल्ब्युमिन डॉक्टर रोज पाहतात, ते संसर्ग, पोषण, रक्ताची गुठळी होण्याचा धोका आणि केमो झेपेल का हे जोखण्यासाठी. तुमच्या डॉक्टरांनी एनएलआरचा उल्लेखच केला नाही तर त्यांचं काही राहून गेलं असं समजू नका.

दाह कमी करणारी औषधं घेऊन आकडा खाली आणला तर आयुष्य वाढेल?

हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे आणि संशोधकांनीही तो विचारला. इंटरल्यूकिन-६ ला अडवणारी सिल्टुक्सिमॅब ही अँटिबॉडी प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगात वापरून पाहिली गेली. २०११ साली छापलेल्या छोट्या चाचणीत १८ रुग्णांपैकी एकीची गाठ काही प्रमाणात आटली, सात जणींचा आजार जागेवर राहिला. वाट बंद झालेली नाही, पण उपचार म्हणून ती रुळलेलीही नाही.

घरच्या घरी आकडा उतरवण्याच्या मागे लागू नका. स्टेरॉइडने सीआरपी उतरतो आणि एनएलआर चढतो, यावरूनच आकडा आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं कळतं. ॲस्पिरिनबद्दल ज्या उलटसुलट गोष्टी वाचायला मिळतात त्यावरून ती स्वतःहून सुरू करणं तर धोक्याचं आहे. केमोने प्लेटलेट घटलेल्या असताना रक्तस्राव होऊ शकतो. ‘दाहशामक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही पूरक गोळीची बाटली आधी डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांचा केमोच्या औषधांशी उभा दावा असतो.

हा आकडा आईला सांगू की नको?

अनेक मुलं-मुली हे विचारतात. आईला आपल्या आजाराबद्दल कळण्याचा पूर्ण हक्क आहे. पण तुम्ही स्वतः भागाकार करून काढलेला, डॉक्टरांनी अर्थ न लावलेला आकडा म्हणजे आजाराची माहिती नव्हे. तिला स्टेज सांगा, ऑपरेशनमध्ये काय झालं ते सांगा, पुढचा बेत काय आहे ते सांगा, तिला हवं असेल तितकं सगळं सांगा. आणि आकडा मनातून जातच नसेल तर पुढच्या भेटीत तो डॉक्टरांसमोर ठेवून सरळ विचारा: ‘हा इतका का आला आहे, आणि याने आमच्या उपचारात काही फरक पडतो का?’ दोनच वाक्यं आहेत, पण त्यांना उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

रिपोर्ट जपून ठेवायचे असतील तर कसे ठेवू?

आजाराआधीची एखादी जुनी सीबीसी घरात सापडली तर ती सर्वांत वर ठेवा. तुमचा स्वतःचा नेहमीचा आकडा तीच सांगते, दुसऱ्या देशातल्या कुणाची रेष नाही. शक्य असेल तर एकाच लॅबमध्ये तपासणी करा. आणि प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने चार गोष्टी लिहा: मागची केमो होऊन किती दिवस झाले, स्टेरॉइड कधी घेतलं, न्यूट्रोफिलचं इंजेक्शन कधी झालं, त्या आठवड्यात ताप होता का.